पोपटाशी ओळख

कार्तिक लागला की सावलीच्या आसपासच्या बांध्यांतील धान पिवळे पडू लागते आणि सकाळ-संध्याकाळ आकाशातून एक परिचित कलकलाट कानी येतो. हिरव्या पोपटांचा थवा झाडांच्या शेंड्यांवरून वेगाने येतो, एका झोकात वळतो आणि पिकावर उतरतो. एक लोंबी तोडावी, तिचे चार दाणे खावे, उरलेली खाली टाकून दुसरीकडे वळावे, अशी त्याची उधळी रीत असते. वैनगंगेकाठचा शेतकरी म्हणूनच त्याला चोर म्हणतो. आणि त्याच शेतकऱ्याच्या घरातील मूल त्याच पक्ष्याला लाडाने ‘मिठू’ म्हणते. एकाच पाखराला एका घरात अशी दोन नावे मिळावीत, ही मोठी गंमतच आहे.

हा थवा लक्षपूर्वक पाहण्यासारखा असतो. त्यात एकही पोपट एकटा नसतो. काही खात असले, तर काही माना उंचावून चौफेर पाहत असतात. दूर कोठे शिकऱ्याची सावली हलली, की एक कर्कश हाक उठते आणि क्षणार्धात सारा थवा आकाशात जातो. कोणी कोणाची वाट पाहत नाही, तरी कोणी मागे राहत नाही. अंधार पडू लागला, की सारे एका ठरलेल्या झाडावर गोळा होतात, बराच वेळ भांडल्यासारखे बोलतात आणि मग एकाएकी शांत होतात. एकमेकांजवळ असणे हेच पोपटाचे संरक्षण आणि बोलत राहणे हीच त्याची खूण. पोपटाच्या स्वभावातील बहुतेक कोडी ह्या दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या म्हणजे उलगडतात.

आपल्याकडील पोपटांत तीन जाती विशेष ओळखीच्या आहेत. सर्वत्र दिसणारा तो कीर. त्याच्या नराच्या गळ्याभोवती काळी व गुलाबी कंठी असते आणि ती तिसऱ्या वर्षाच्या सुमारास पूर्णपणे उमटते. त्याहून मोठा, खांद्यावर लाल डाग असलेला तो करण पोपट. ह्याचे युरोपीय नाव सिकंदराच्या नावावरून पडलेले आहे. तिसरी तुई ही आकाराने लहान. तिच्या नराचे डोके पिकलेल्या जांभळासारखे लाल-जांभळे असते. इ. स. पूर्व ४०० च्या सुमारास इराणच्या राजदरबारी असलेल्या क्तेसियस नावाच्या ग्रीक वैद्याने भारतातील एका नवलाईच्या पक्ष्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. हा पक्षी माणसासारखा बोलतो, तो भारतीयांची भाषा बोलतो आणि शिकवली तर ग्रीकही बोलेल, असे तो म्हणतो. आपल्याकडे तर कामदेवाचे वाहनच पोपट! शुकसप्ततीत रात्रीमागून रात्री कथा सांगणाराही पोपटच. असा हा पक्षी माणसाच्या घरात फार जुन्या काळापासून राहत आला आहे.

पूर्वी ओसरीला पोपटाचा पिंजरा टांगलेला दिसणे ही सामान्य गोष्ट होती. फाल्गुन-चैत्राच्या सुमारास जुन्या झाडांच्या ढोलीत पोपटांची पिले असत. ती काढून आणीत आणि बाजारात विकीत. टोपलीत कोंबलेल्या पिलांपैकी कितीतरी वाटेतच मरत. आणि ढोली फोडल्यामुळे पुढल्या वर्षी त्या झाडावर घरटे होत नसे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे छत्र आता आपल्या रानपोपटांवर आहे, आणि १९९०-९१ पासून भारतीय पक्ष्यांचा व्यापारच बंद झाला आहे. त्यांना पकडणे, विकणे वा घरी बाळगणे हा गुन्हा आहे. कोणी ‘रानातला मिठू’ विकावयास आणला, तर तो घेऊ नये. दया येऊन विकत घेतला तरी त्या पैशांनी पुढची ढोली फुटते. वादळात खाली पडलेले पिलू सापडले, तर वनविभागाच्या १९२६ ह्या दूरध्वनी क्रमांकावर कळवावे. ज्या घरी जुना पोपट पिंजऱ्यात आहे, तेथेही केवळ दार उघडून त्याला सोडून देणे बरे नव्हे. वर्षानुवर्षे न उडालेल्या पंखांत बळ नसते, आणि अन्न शोधण्याची विद्याही तो शिकलेला नसतो. अशा पक्ष्यालाही वनविभागाच्याच स्वाधीन करावे.

मग पोपट पाळण्याची हौस असलेल्या मुलाने काय करावे? त्याच्यासाठी पोपटांच्याच कुळातील एक लहानसा परदेशी पक्षी आहे. त्याचे नाव बजरीगर. बाजरी खातो म्हणून बजरीगर, असे कोणासही वाटेल. परंतु हे नाव ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलेले आहे. दुकानदार त्याला ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात, तेही चूक. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, आणि त्यांची जात निराळी. बजरीगर चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत सुमारे १८ सेंटिमीटर लांब आणि वजनाने साधारण ३० ते ४० ग्रॅम भरतो. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागात हजारोंच्या थव्यांनी हा पाण्याच्या शोधात भटकतो. १८४० साली जॉन गूल्ड ह्या पक्षितज्ज्ञाने जिवंत बजरीगर इंग्लंडात नेले. तेव्हापासून माणसाच्या घरी त्याच्या पिढ्यान् पिढ्या वाढल्या आहेत. रानातील बजरीगर हिरवा-पिवळा असतो. निळे, पांढरे, पिवळे हे सारे रंग पिंजऱ्यात वाढलेल्या पिढ्यांतून आलेले आहेत.

पहिल्यानेच पक्षी पाळणाऱ्याने शक्य तो कोवळ्या वयाचा बजरीगर निवडावा. त्याच्या कपाळावरील काळ्या रेघा थेट चोचीपर्यंत आलेल्या असतात आणि डोळा सबंध काळाभोर दिसतो. तीन-चार महिन्यांनी पहिली पिसे झडली, की रेघा मागे सरतात. चोचीच्या वर नाकपुड्यांभोवती जी मऊ कातडी असते, ती मोठ्या नरात बहुधा निळी व मादीत पांढुरकी किंवा तपकिरी असते.

आता ह्या पक्ष्याच्या बाजूने विचार करून पाहावा. कालपर्यंत तो वीस-पंचवीस सोबत्यांत होता. आज एक मोठा हात आला, त्याने त्याला मुठीत धरले, अंधाऱ्या खोक्यात घातले आणि चंद्रपूर-मूल रस्त्याचे धक्के खात सावलीस आणून सोडले. येथे एकही ओळखीचा स्वर नाही. म्हणून तो पिंजऱ्याच्या सर्वांत दूरच्या कोपऱ्यात बसतो, पिसे अंगाशी घट्ट आवळतो आणि चकार शब्द काढीत नाही. घरातील मंडळी म्हणतात, “मुकाच दिसतो!” तो मुका नव्हे. थवा नाहीसा झाला असता एकट्या उरलेल्या पक्ष्याने आवाज करणे म्हणजे शिकाऱ्याला आपला पत्ता सांगणे होय. त्याचे मौन हे शहाणपणाचे मौन आहे.

म्हणून पहिले तीन-चार दिवस त्याला काहीच करू नये. मुलांना हेच सर्वांत कठीण जाते! शेजारची मुले पाहावयास येतात, कोणी पिंजऱ्यावर टिचकी मारतो, कोणी शीळ घालतो, कोणी काडी आत घालून त्याला ‘जागे’ करतो. तिकडे ह्या इवल्या जिवाचे काळीज धडधडत असते. पिंजरा अशा ठिकाणी ठेवावा की त्याची एक बाजू भिंतीशी असेल, म्हणजे पाठीमागून कोणी येणार नाही एवढी तरी खात्री पक्ष्याला राहील. तो मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर असावा. जमिनीवर ठेवलेल्या पिंजऱ्यातील पक्ष्याला येणारा-जाणारा प्रत्येकजण वरून झेपावणारा वाटतो. स्वयंपाकघर टाळावे, कारण पक्ष्याचे फुप्फुस धुराला फार नाजूक असते. तापून गेलेल्या न चिकटणाऱ्या तव्याच्या वाफेने तर तो मिनिटांत मरू शकतो. रात्री पिंजरा अंगणात टांगू नये. रानाजवळच्या गावांत मांजर, मुंगूस आणि साप ह्यांना तो फार लवकर सापडतो, आणि लहान साप तर गजांमधून सहज आत शिरतो.

उन्हाळ्याविषयी येथे वेगळे सांगितलेच पाहिजे. चंद्रपूर जिल्ह्यात वैशाखात पारा ४५ अंशांच्या वर जातो. पक्ष्याला घाम येत नाही. चोच उघडी टाकून तो धापा टाकू लागला आणि पंख अंगापासून दूर धरू लागला, तर ते खेळणे नव्हे. तो उष्म्याने व्याकूळ झाला आहे. त्याला तत्काळ थंड सावलीत न्यावे, पाणी बदलावे, अंघोळीसाठी उथळ ताटली ठेवावी.

चार दिवस असे गेले, पक्षी माणसांच्या देखत खाऊ लागला, की ओळखीला आरंभ करावा. पिंजऱ्याजवळ रोज ठरलेल्या वेळी बसावे आणि हळू आवाजात बोलत राहावे. काय बोलावे, असा प्रश्न पडला तर शाळेचा धडा मोठ्याने वाचावा. पक्ष्याला अर्थाशी कर्तव्य नाही, त्याला स्वराची सवय हवी असते. (धडाही पाठ होतो, हा वरचा लाभ.) त्याच्याकडे टक लावून पाहू नये. शिकारी प्राण्याचे दोन्ही डोळे समोर असतात आणि ते भक्ष्यावर रोखलेले असतात. पोपटाचे डोळे बाजूंना असतात. दोन डोळे आपल्यावर रोखले जाणे म्हणजे काय, हे त्याला जन्मतःच ठाऊक असते. मान किंचित वळवून, अधूनमधून डोळे मिटून बसणारे मूल त्याला निरुपद्रवी वाटते.

ह्यानंतर प्रश्न येतो हाताचा. आवाजाला पक्षी लवकर सरावतो, हाताला सरावत नाही. कारण हातानेच त्याला पकडले होते. तेव्हा हात आधी पिंजऱ्याबाहेर नुसता टेकवून ठेवावा. पक्षी दूर सरला तर हात तेथेच, पण निश्चल असावा. तो स्वस्थ बसला की हात काढून घ्यावा. काही दिवसांनी दार उघडून तोच हात आत ठेवावा आणि त्यात राळ्याचे कणीस असावे. राळा हे आपल्या जुन्या शेतीतील धान्य. बजरीगरला त्याच्याइतका मोह दुसऱ्या कशाचाही पडत नाही. पक्षी मान लांबवतो, एक दाणा तोडतो, मागे पळतो. पुन्हा येतो. एके दिवशी तो पळावयाचे विसरतो. तेथून पुढे कणीस मुठीच्या अशा बाजूस धरावे की त्याला बोटावर पाय ठेवल्यावाचून दाणा मिळणार नाही. पुढे नुसते बोट त्याच्या पोटाच्या खालच्या बाजूस, पायांच्या जरा वर हलकेच टेकवावे आणि “ये” म्हणावे. तो पाऊल उचलून बोटावर चढतो. पोपटाच्या पायाची दोन बोटे पुढे व दोन मागे असतात, त्यामुळे ती पकड चिमट्यासारखी पक्की असते. ती पकड बोटावर पहिल्यानेच जाणवली, म्हणजे महिनाभराच्या बसण्याचे सार्थक झाले असे त्या मुलाला वाटल्यावाचून राहत नाही.

महिना म्हटले खरे. कोणाला आठवडा पुरतो, कोणाला तीन महिने लागतात. परंतु उतावळेपणाने एकदा जरी मुठीत पकडले, तर ओळख पुन्हा पहिल्या दिवसावर जाते. ‘आज हात आत घातलाच पाहिजे’ असे मुलाने ठरवू नये; आज कोठवर यावयाचे, हे पक्ष्याने ठरवावे. आणि तो घाबरण्यापूर्वीच दरवेळी थांबावे.

पोपटाचे शरीर सतत काही ना काही सांगत असते. अंगाला चिकटलेली पिसे भय दाखवतात. एक पाय पोटाशी घेऊन, पिसे किंचित फुलवून चोच चोचीवर हळूच घासणारा पक्षी समाधानाने झोपेच्या वाटेवर असतो. परंतु भरदिवसा, खाण्याच्या वेळीही तो गोळा होऊन फुगून बसला असेल, तर तो आजारी आहे. थव्यातील दुबळा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो, म्हणून पोपट आपले दुखणे होईल तितके लपवतो. ते दिसू लागते, तेव्हा ते बरेच वाढलेले असते. अशा वेळी ‘उद्या पाहू’ न म्हणता त्याच दिवशी पशुवैद्याकडे जावे.

चावण्याविषयीही गैरसमज फार. पोपटाची चोच हा त्याचा हातच आहे. इतर पुष्कळ पक्ष्यांपेक्षा त्याची वरची चोच अधिक मोकळी हलते. तिने तो दाणे सोलतो, गज धरून चढतो आणि नवी वस्तू चाचपून पाहतो. बोट चोचीत घेणे म्हणजे पुष्कळदा नुसती चौकशी असते. खरोखर चावला, तर त्याआधी त्याने नक्कीच काही सांगितलेले असते. मान मागे घेतली असेल, पिसे आवळली असतील, बाजूस सरला असेल. ते कोणी ऐकले नाही म्हणून त्याने चोच वापरली. त्यावर ओरडू नये, टपली तर मुळीच मारू नये. हात स्थिर ठेवून पक्ष्याला शांतपणे उतरवावे आणि आपण काय पाहावयाचे चुकलो ते आठवावे.

खाण्याविषयी फार सांगावयास नको. राळा, बाजरी, कुटकी ही धान्ये, पण केवळ तीच नव्हेत. नुसत्या दाण्यांवर पक्षी लठ्ठ होतो. कोथिंबीर, मेथी, पालक ह्यांची स्वच्छ धुतलेली पाने आणि गाजराचा कीस रोज द्यावा. चुन्यासाठी समुद्रफेस पिंजऱ्यात अडकवावा. मीठ, चॉकोलेट, कांदा आणि ॲव्होकॅडोचे फळ हे त्याला घातक आहे. बसण्यासाठी गुळगुळीत दांड्याऐवजी कडुलिंबाची वा पेरूची वाकडीतिकडी फांदी लावावी, म्हणजे तळव्याच्या एकाच जागी भार पडत नाही.

पोपट बोलावा म्हणून त्याला हिरवी मिरची चारण्याची जुनी समजूत आहे. तिखटाने जीभ सुटते, असे म्हणतात. गंमत अशी की मिरचीतील ज्या द्रव्याने आपल्या तोंडाची आग होते, ते पक्ष्यांना जाणवतच नाही. पोपट मिरची काकडीसारखी खातो. तिचा बोलण्याशी काडीचाही संबंध नाही. आपला आवाज घशातील स्वरयंत्रातून निघतो. पक्ष्याचे ध्वनीयंत्र श्वासनलिकेच्या पार तळाशी असते. पोपटाला ओठ नाहीत, परंतु मांसल जीभ मागेपुढे करून तो स्वराला वळण देतो.

पण तो मुळात नक्कल करतोच का? ह्याचे उत्तर पुन्हा थव्यातच सापडते. पोपट एकमेकांना विशिष्ट हाकांनी ओळखतात. व्हेनेझुएलातील एका लहान पोपटाच्या घरट्यांचे निरीक्षण करून २०११ साली संशोधकांनी दाखवून दिले, की प्रत्येक पिलाची वेगळी हाक त्याच्या आईबापांच्या हाकांवरून ठरते. जणू ते बारसेच! बजरीगरांची जोडी जमते तेव्हा नर मादीच्या हाकेसारखी आपली हाक करून घेतो. सोबत्याचा स्वर उचलणे ही पोपटाची आपुलकी दाखविण्याची रीत आहे. माणसांत एकटा राहणारा पोपट माणसांचे स्वर उचलतो, कारण आता तीच त्याची मंडळी. कॅलिफोर्नियातील पक नावाच्या एका बजरीगरला १,७२८ शब्द येत असल्याची विक्रम म्हणून नोंद झालेली आहे. तो १९९४ साली मरण पावला.

नुसत्या नकलेच्या पलीकडे पोपटाची मजल जाते काय, हे अमेरिकेतील आयरीन पेपरबर्ग ह्या विदुषीने तपासून पाहिले. १९७७ साली शिकागोच्या एका दुकानातून त्यांनी ॲलेक्स नावाचा आफ्रिकी करडा पोपट आणला आणि २००७ साली त्याचा मृत्यू होईपर्यंत त्याला शिकविले. तो सुमारे पन्नास वस्तू, सात रंग व पाच आकार ओळखून नावाने सांगे, आणि सहापर्यंत मोजी. शिकविण्याची त्यांची युक्ती घरीही वापरण्याजोगी आहे. पोपटासमोर दोन माणसे बसत. एकजण वस्तू दाखवून “हे काय?” असे विचारी, दुसऱ्याने बरोबर उत्तर दिले की ती वस्तू त्याला खेळावयास मिळे. पोपट हे पाही आणि आपल्यालाही ती मिळावी म्हणून बोलावयास धडपडे. बहीण-भावाने पिंजऱ्यासमोर बसून “हे काय?” “गाजर!” असा खेळ मांडला, तर पाठांतराच्या कंटाळवाण्या घोकणीपेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो. सगळेच बजरीगर बोलतात असे मात्र नाही. पुष्कळ माद्या जन्मभर एकही शब्द उच्चारीत नाहीत. केवळ बोलण्यासाठी पक्षी आणणाऱ्याने तो आणूच नये.

एकच पक्षी आणावा की दोन, हा प्रश्न शेवटी उरतोच. दोन असले तर ते एकमेकांत रमतात आणि माणसाच्या बोटावर जरा उशिरा येतात. पण ते दिवसभर एकटे नसतात. एकच असला, तर तो लवकर माणसाळतो. परंतु मग थव्याचे सारे काम त्या घराला करावे लागते. ज्या घरातील मोठी माणसे शेतावर आणि मुले शाळेत जातात, तेथे दोन पक्षी आणणेच न्यायाचे ठरेल.

एक असो वा दोन, हाकेला उत्तर मात्र द्यावेच लागते. रानातील पोपट दाट पानांत एकमेकांना दिसेनासे झाले की “आहेस ना?” अशा अर्थाची छोटी हाक घालतात आणि पलीकडून तशीच हाक परत येते. घरातला बजरीगरही मूल दुसऱ्या खोलीत गेले की अशीच हाक घालतो. ती ऐकून कोणी गप्प राहिले, तर तो आवाज चढवतो, आणि मग घरचे म्हणतात, “किती किरकिर करतो हा!” त्याऐवजी एक लहानशी शीळ ठरवून घ्यावी आणि त्याने हाक दिली की तीच शीळ आतून परत द्यावी. काही आठवड्यांत तो ती शीळ स्वतःच उचलतो. मग संध्याकाळी शाळा सुटते, फाटकाची कडी वाजते, आणि मूल ओसरीवर चढण्यापूर्वीच आतून तीच शीळ ऐकू येते. दप्तर खाली ठेवण्याआधी त्याने तिला उत्तर द्यावे. आतला पक्षी तेवढ्यासाठीच कान देऊन बसलेला असतो.